मोटारीतलं पीठ

मेलेला माणूस घर सहजी सोडत नाही, असं म्हणतात. आमच्या काकांना मोटार सोडवेना. ओल्या गादीचा वास आला की ते आठवतं.

दुसरं महायुद्ध संपलं त्या वर्षी पाथर्डीहून नगरला येताना काका मागच्या सीटवरच वारले. त्या पावसाळ्यात नेमकी तीच जागा रोज ओली होई. गळती शोधायला ड्रायव्हर गणपतने तिथे कोरडं पीठ भुरभुरलं आणि टपावर पाणी ओतलं. माणूस गेला त्या जागी पीठ पसरून पाऊल उमटतं का बघायची आमच्याकडे रीतच होती. काकू वाकल्या. पिठात टाचेएवढा ओला ठसा होता.

"काचेचं रबर फाटलंय, बाईसाहेब. तिथनं पानी येतंय. बुजवतो."

"राहू दे. मग त्यांनी यायचं कुठून?"

तेव्हा मी ठशाला घाबरलो होतो. आता काकूंचा तो शांत आवाज आठवून काटा येतो.

पुढच्या पावसाळ्यात सीटखालचा पत्रा गंजून रस्त्यावर पडला.