रशियन काकूंचं दार

रशियन काकू कधीही रशियाला गेल्या नव्हत्या. मूळच्या साताऱ्याच्या, आणि इथे अमेरिकेत वेस्ट विंडसरला मुलाकडे राहायच्या. माणूस दारातून आत आला की त्या आधी त्याच्या पायांकडे बघायच्या. "तोंडाला खोटं बोलता येतं रे, पायांना नाही. ज्याला निघायचंय त्याचे पाय आधीच दाराकडे वळलेले असतात." त्यामुळे त्यांच्याकडे चहाला जायचं म्हणजेसुद्धा परीक्षाच असे.

तरुणपणी काकांच्या नोकरीमुळे त्या लंडनला होत्या आणि तिथे नाटक शिकल्या. त्यांच्या इंग्रज बाईंना एका रशियन मास्तरांनी तयार केलं होतं. "त्याआधी इंग्रज नट काय करायचे? आवाज लावायचा, छाती काढायची आणि वाक्य फेकायचं. आपल्यासारखंच! मग हे रशियन लोक येऊन विचारायला लागले, हा माणूस या खोलीत आलाय कशाला? त्याला हवंय काय? झालं, सगळ्यांची वाचाच बसली." मग हसून पुढे म्हणायच्या, "रशियनांनी मनातलं उकरायला शिकवलं. इंग्रजांना रडायची लाज, म्हणून त्यांनी तेच चहा ओतता ओतता करायला शिकवलं. तुम्ही निदान चहा तरी नीट ओता!" एवढ्यावरून आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या पोरांनी त्यांचं बारसं करून टाकलं.

आमच्या गणपतीतल्या नाटकाच्या तालमी त्यांच्या बेसमेंटमध्ये चालायच्या. माझा प्रवेश साधा होता. आजारी वडिलांना भेटायला मुलगा येतो. मी दार ढकलून "बाबा!" असा टाहो फोडला. काकूंनी हात वर केला.

"नागपूरकर, तुला काय हवंय?"

"बाबांना भेटायचंय, काकू."

"छे. तुला टाळी हवीये. बाहेर जा आणि परत ये."

मी बाहेर गेलो, आत आलो. परत बाहेर. बाकीचे खिदळत होते. "काकू, प्लीज यार, सकाळी लवकर मीटिंग आहे मला," मी कळवळून म्हणालो. "मग तिथेही नीट आत जा," काकू म्हणाल्या. शेवटी वैतागून मी नुसताच आत आलो आणि पलंगाशी बसलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "हां, आत्ता मुलगा आला." नाटक झाल्यावर मी कितीतरी दिवस कॉलर ताठ करून फिरत होतो.

मागच्या हिवाळ्यात काकूंना स्ट्रोक झाला. त्यांना ठेवलेलं नर्सिंग होम माझ्या स्टेशनच्या वाटेवरच होतं. मी रोज त्याच्यावरून ड्राइव्ह करत जायचो. आज ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज, उद्या बर्फ, परवा लेकीचं स्विमिंग. नाचता येईना अंगण वाकडं! खरं कारण एवढंच की तशा अवस्थेतल्या काकू मला बघवणार नव्हत्या. मग मंडळाच्या ग्रुपवर एकेकाचे काकूंबरोबरचे फोटो पडायला लागले, तेव्हा मी गेलो.

फुलं घेऊन गेलो आणि दारातूनच मोठ्याने म्हणालो, "काय काकू, एकदम फ्रेश दिसताय! लवकर घरी या, नाटक बसवायचंय!"

त्यांना शब्द जड जात होते. माझ्या चेहऱ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. पायांकडे बघितलं. अंगात कोट तसाच, हातात गाडीची किल्ली, आणि बूट दाराकडे. आपला चालता हात सावकाश उचलून त्यांनी दार दाखवलं.

"परत... ये."

मी कॉरिडॉरमध्ये जाऊन उभा राहिलो. काय हवंय तुला? मला ग्रुपवर टाकायला एक फोटो हवा होता. बस. एवढी शरम मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. आणि ती काकूंना दाखवायचीही सोय नव्हती, कारण दाखवायला गेलो असतो तर तेही नाटकच झालं असतं.

तरी मी तेच केलं. कोट काढून, डोळे पुसत आत गेलो. काकूंनी पुन्हा दाराकडे हात केला.

या वेळी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. किल्ली खिशात टाकली. आत आलो तर काकूंना झोप लागली होती. खुर्ची पलंगाजवळ ओढून मी बसलो. जेवणाची ट्रॉली आली, तशीच परत गेली. काकू काही जाग्या झाल्या नाहीत आणि मी काही उठलो नाही.

त्याच आठवड्यात काकू गेल्या. तो प्रवेश जमला होता की नाही, हे सांगायला आता कोणी नाही.