क्रेन थांबवायची खूण

आमच्या भिलाईच्या तलावावर सांजेला लोकांले कयाकमधून फिरवून पाखरं-जनावरं दाखवणारा एक गडी आहे. सगळ्यांच्या पुढं आपली कयाक आडवी लावून, बडीशेप चावत कुजबुजते. एका जागी बसल्या बगळ्याले 'फोरमन' म्हणते अन् वटवाघळांले 'नाइट शिफ्ट'. मी बरेचदा जातो, पण मले कुजबुजता येत नाही. जन्मभर स्टील प्लांटमधल्या रोलिंग मिलच्या खडखडाटात ओरडूनच बोललो.

त्या दिवशी समदे काठावरचा कोल्हा पाहाले आले होते.

"काका, हळू बोला नं. कोल्हा येणार नाही."

"नाही आला तं नाही. मी काय त्याले भिऊन राहिलो?"

त्यानं वल्हं मांडीवर ठेवलं, हात आडवा ताणला अन् पंजा खाली केला. मिलमध्ये क्रेन थांबवायची हीच खूण. साहेबांलेही न जुमानणारं माझं तोंड आपोआप बंद झालं. कोल्हा आला, निवांत पाणी पिऊन गेला.

उतरल्यावर मी विचारलं, "तू प्लांटमध्ये होता का रे?"

"नाही काका, बाबा होते क्रेनवर. घरी आई त्यांले असंच चूप करे."

मी म्हटलं, "तुझी काकू इकडं आली, तं तिले हे दाखवू नको."