रेडिएटरातली हळद

माझ्या चुलत दिरानं मला दोनदा फसवलं. एकदा पिकअप विकताना आणि दुसऱ्यांदा फोनवर. पहिली फसवणूक मी गिळली असती.

मी घोडेगावच्या बाजारात म्हशी घेते आणि विकते. सुरुवात दोन शेळ्यांपासून केली. तेव्हा जे व्यापारी ‘बाईला जनावरातलं काय कळतंय’ म्हणून पाठ फिरवायचे, ते आता मला बघून आधी चहा सांगतात. दात, खुरं, चाल, कास, सगळं बघितल्याशिवाय मी किमतीचा शब्द तोंडातून काढत नाही.

गाडी घेतानाही तसंच केलं. टायर बघितले, वाकून खालची चेसी बघितली, चालू करून धूर बघितला. रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तेवढ्यात दीर पुढं झाला. “वहिनी, लांबून चालवत आनलीय, गरम हाय. झाकन उडंल, तोंड भाजंल.” मला वाटलं, काळजी करतोय. शेजारी सासूबाई उभ्या होत्या. त्यांचा तो पुतण्या, त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढलेला. “घरची गाडी घरात ऱ्हायली,” म्हणाल्या. झाकण तसंच राहिलं. बाजारात कोणी मला ‘म्हैस पिळून बघू नका, लाथ मारंल’ म्हणालं असतं, तर मी तिथूनच माघारी वळले असते.

थंडीत गाडीनं कुरकुर केली नाही. उन्हाळ्यात, एका बाजाराच्या दिवशी, देवळाली प्रवऱ्याच्या एका बाईसाठी मी म्हैस घेतली. दिवस भरत आलेली, अंगानं जड. ऊन उतरल्यावर निघायचं ठरवलं होतं, पण बाजारात कुठं सावलीच उरली नव्हती. गाडी चालती राहिली की म्हशीला वारा लागेल, असा विचार करून मी भर दुपारीच निघाले. मागं म्हैस, तिच्यासाठी पाण्याचे दोन मोठे कॅन, पुढं मी स्टेअरिंगवर आणि शेजारी सासूबाई.

सोनई मागं पडली आणि काटा चढायला लागला. बघता बघता लाल पट्टीत गेला. बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली तशी मी गाडी कडेला घेतली. दोन्ही बाजूंना तोडलेल्या उसाचं रान, एक झाड नाही.

मी दिराला फोन लावला. पाठीमागं हॉटेलातल्या कपबश्या वाजत होत्या.

“भाऊजी, गाडी तापलीय. रेडिएटरमध्ये आधी काही काम केलं होतं का? खरं सांगा, मागं गाभण म्हैस आहे.”

“काय न्हाई वहिनी. आईशप्पथ. पानी कमी झालं आसंल. टाका आन् रेटा.”

“तुम्ही सोनईतच आहात ना? येता का?”

“आलो आसतो, पन पावने हायेत.”

इंजिन जरा निवल्यावर मी झाकणावर ओलं पोतं टाकलं, तोंड बाजूला करून थोडं थोडं फिरवलं, वाफ जाऊ दिली. मग इंजिन चालू ठेवून बारीक धारेनं पाणी ओतलं. अख्खा कॅन गेला. झाकण लावलं, निघालो. पुढचं वळणसुद्धा आलं नाही, काटा पुन्हा लाल पट्टीत.

आता एकच कॅन. पाटाला पाणी नव्हतं. जवळच्या विहिरीवर मोटर होती, पण लाईट रात्रीची. म्हशीनं जीभ बाहेर टाकली होती, तोंडाला फेस आला होता, दोरीला हिसके देत ती खाली बसायला बघत होती.

मी कॅन उचलून पुढं निघाले. सासूबाई खाली उतरून आडव्या आल्या.

“कुठं घेऊन चाललीस?”

“गाडीत टाकते. गाडी चालली तर राहुरी गाठता येईल.”

“त्या डबड्यानं येक कॅन पिला. काय दिवे लावले? लोखंडाला तहान न्हाई लागत. हिला पाज.”

“आत्या, इथं उभं राहिलो तर ती मरंल!”

“आन् पानी संपल्यावर?”

मी ओरडले. काय बोलले ते इथं लिहीत नाही. पण ओतण्याआधी हात थांबला, कारण हे पाणी चुकीच्या जागी गेलं तर परत मिळणार नव्हतं. मी बॉनेट पुन्हा उघडलं. पट्टा बघितला, घट्ट होता. पंख्याची पाती शाबूत होती. वरच्या रबरी पाइपला फडकं धरून हात लावला तर चटका बसला. खालचा पाइप चाचपला, तो जेमतेम कोमट. इंजिनातलं तापलेलं पाणी वरच्या पाइपनं रेडिएटरमध्ये येतं, जाळीतून निवत खाली जातं आणि खालच्या पाइपनं परत इंजिनात. वर आग आणि खाली कोमट, म्हणजे पाणी जाळीतून उतरतच नव्हतं. तुंबलेल्या मोरीत कितीही घागरी ओतल्या तरी काय होणार?

दुसरा कॅन म्हशीला दिला. थोडं पाजलं, बाकीचं पोतं भिजवून तिच्या पाठीवर आणि मानेवर. सासूबाई पदरानं वारा घालत राहिल्या.

मग मी पुन्हा झाकण काढलं आणि आत बोट घातलं. बोटाला पिवळा चिकट गोळा लागला. सासूबाईंनी माझं मनगट धरून वास घेतला.

“अगं, ही तर हळद.”

रेडिएटरला बारीक छिद्र पडलं तर ड्रायव्हर लोक मूठभर हळद टाकतात. ती फुगून छिद्रात बसते, गळती थांबते, माणूस घरी पोचतो. घरी पोचल्यावर मात्र रेडिएटर काढून धुवायचा असतो, छिद्राला डाग देऊन झाळायचा असतो. इथं मूठभर नव्हती. वेळोवेळी टाकून टाकून सगळी जाळी बुजवली होती.

मी पुन्हा फोन लावला. “हळद टाकली होती?”

“कसली हळद?”

“टाकली होती का?”

“सगळेच टाकत्यात वहिनी. तुमी म्हशी इकता तवा सगळं सांगता व्हय?”

“मी गिऱ्हाइकाला म्हैस पिळून बघू देते! मघाशी विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?”

“तुमी लईच तापून बोलत हुता...”

सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. “आरं, मी बोलते, तुझी चुलती.” पलीकडून फोन बंद झाला. त्यांनी तो पुन्हा लावू दिला नाही.

बऱ्याच वेळानं पाण्याचा टँकर आला, तोवर म्हैस खाली बसली होती. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. “ताई, हे वस्तीचं पानी हाय,” ड्रायव्हर म्हणाला, “कमी भरलं तर बाया माझंच टकुरं फोडतील.” म्हैस बघितल्यावर तो खाली उतरला आणि त्यानं एक भाव सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्यानं सांगितलेला भाव जसाच्या तसा दिला. त्यानं पाइप सोडून तिला डोक्यापासून शेपटीपर्यंत भिजवलं. ती थरथरली, मग उभी राहिली. दुसरी गाडी मागवून तिला घरी आणलं.

म्हैस वाचली. रेडकू मेलेलं जन्मलं. रेडी होती. देवळालीच्या बाईनं म्हैस नको म्हणून कळवलं, आणि मी तिला दोष देत नाही. म्हैस कितीतरी दिवस दाव्याला ताण देऊन फाटकाकडं बघत हंबरायची. गोठ्यात धारेला बसले की मला तेच ऐकावं लागायचं.

आता दीर भावकीत सांगत फिरतो की वहिनीनं ऊन बघितलं नाही. भाऊजी, भर दुपारी मी निघाले, त्याचं उत्तर मी देते. झाकण न उघडता गाडी घेतली, त्याचंही देते. पण तुम्ही पहिला फोन घेतलात तेव्हा माझे दोन्ही कॅन भरलेले होते. ‘हळद हाय’ एवढंच बोलायचं होतं. सगळं पाणी मी तिच्या अंगावर ओतलं असतं. मागं गाभण म्हैस आहे हे ऐकूनही तुम्ही शपथ घेऊन पाणी गाडीत ओतायला लावलंत. का? हे हॉटेलात सांगू नका, भावकीतही नको. माझ्या गोठ्यात या, त्या म्हशीसमोर उभे राहा, आणि तुमच्या चुलतीच्या तोंडावर सांगा.