गोजरबाईंचा बोकड अंग झाडत नाही

कुरुंद्याच्या गोजरबाई माळकरी आहेत, असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. त्या मटणाची नळी चोखायला बसल्या की आवाज शेजारच्या घरात जातो आणि आमच्या ताटातलं वरण कडू लागतं. म्हणून तर त्यांनी त्या दिवशी जे केलं, ते गावाला अजून पचलेलं नाही.

लेकाच्या, संतरामच्या विहिरीला पाणी लागलं म्हणून पिराला कंदुरीचा, म्हणजे बोकड कापून जेवण घालायचा, नवस बोललेला. बोकड घरचाच, गोजरबाईंनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेला. रीत अशी, की बोकडाच्या पाठीवर पाणी शिंपडायचं. त्यानं अंग झाडलं तर पिराला कबूल, मग मुलाणीचाचांनी सुरी लावायची. पाणी शिंपडलं. बोकड ढिम्म. पुन्हा शिंपडलं. तो आपला लिंबाचा पाला चघळतोय. पाहुणे जमलेले, मसाला वाटलेला, भाकरी थापून झालेल्या.

शेवटी वसमतहून आलेले जावई विश्वंभर भुकेनं कासावीस होऊन उठले आणि त्यांनी तांब्याची धार सरळ बोकडाच्या कानात सोडली. बोकडानं मुंडक्यापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं.

"दिला, दिला," मंडळी म्हणाली.

"न्हाई दिला." गोजरबाईंनी दावं हातात घेतलं. "कानात पाणी वतल्यावर कोण बी झाडंल."

"मामी, खाताना तुमाला काही वाटत न्हाई. आताच काहून पुळका येऊन राहिला?"

"खाते म्हणूनच. ज्याचा जीव घ्यायचा त्याला फसवून घ्यायचा व्हय? इचारायची रीत हाय, तर धड इचारा."

"जनावराला काय कळतं?"

गोजरबाईंनी तोच तांब्या उचलला आणि शांतपणे जावयाच्या कानात रिकामा केला. विश्वंभररावांनी बोकडापेक्षा जोरात मुंडकं झाडलं.

"हे बी कबूल झाले," त्या म्हणाल्या. "चाचा, आधी कोणाला घेता?"

चाचांनी सुरी फडक्यात गुंडाळली. "बाईचं म्हणणं बराबर हाय."

त्या दिवशी मटणाच्या मसाल्यात वांगी शिजली. जावई रुसले ते दिवाळीलाही आले नाहीत. गोजरबाईंची नळी सुरूच आहे, पण जिथं एका जनावरादेखत दुसरं कापतात, त्या दुकानाची पायरी त्या चढत नाहीत. नवस तसाच राहिलाय. दर वर्षी त्या बोकडाला एकदाच विचारतात, पाठीवर, ओंजळभर पाण्यानं. तो ढिम्म.

परवा तो पावसात भिजून आला आणि त्यानं ओसरीवर फडफड अंग झाडलं.

"आई, झाडलं बघ," संतराम म्हणाला.

गोजरबाई पोत्यानं बोकडाची पाठ पुसू लागल्या. "आत्ता कुठं इचारलं होतं म्या?"