पिवळ्या झेंड्याची शेजारीण

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर अव्वा, म्हणजे माझी आई, अक्कलकोटचं घर बंद करून आमच्याकडं सोलापुरात राहायला आली. ऐन एप्रिल होता. घरात कूलर एकच, तोही माझ्या कामाच्या खोलीत, म्हणून तिची कॉट तिथंच टाकली. मी कंपनीचं काम घरूनच करतो. दुपारी काम कमी असलं की कॉम्प्युटरवर राज्यांचा खेळ खेळत बसतो. चाळिशीतल्या माणसाला हे शोभतं का, असं बायकोनं मागंच विचारून सोडून दिलं होतं. आता अव्वाही बघायला लागली.

खेळात आपलं एक राज्य असतं आणि आजूबाजूला कॉम्प्युटरची. त्यांच्याशी व्यापार करायचा, तह करायचे, नाहीतर लढायचं. त्यांचे राजे पडद्यावर येऊन इंग्रजीत बोलतात. अव्वाची घरची भाषा कन्नड, बाजारातली मराठी. इंग्रजी तिला येत नाही. कुणी पडद्यावर आलं की ती विचारायची, काय म्हणतोय, आणि मी सांगायचो.

नदीपलीकडं एक राणी होती. झेंडा पिवळा, कपाळावर मोत्यांची पट्टी. अव्वा पहिल्या दिवसापासून तिला शेजारीण म्हणायला लागली.

"शेजारीण काय म्हणतीय?"

"गहू मागतीय. बदल्यात लोखंड देते म्हणते."

"दे की मग. तिच्याकडं पिकलं नसंल."

अव्वा बघत होती म्हणून मी जरा जास्तच गहू दिला. या खेळात कॉम्प्युटर सगळं लक्षात ठेवतो. तुम्ही शब्द पाळता की मोडता, हे एका राजाला कळलं की बाकीच्यांनाही कळतं. एरवी मी तह मोडत मोडत पुढं जायचो आणि शेवटी सगळे मिळून मला चिरडायचे. या डावात मात्र राणीनं आपणहून मैत्रीचा तह केला. तिचं बघून दक्षिणेचे दोन राजे व्यापाराला आले. संध्याकाळी बायको शाळेतून शिकवून आली की अव्वा तिला सांगायची, "आज शेजारणीनं घोडे पाठवले."

मग पश्चिमेच्या लाल राजानं माझ्यावर चाल केली. मी राणीकडं मदत मागितली. ती लगेच हो म्हणाली आणि तिची सगळी फौज माझ्या मुलखातून पश्चिमेला निघाली. अव्वा कॉटवर बसून शेंगा फोडत होती. तिचे हात थांबले.

"बघ, आली की न्हाय धावून!"

मला नकाशावर वेगळंच दिसत होतं. राणीची राजधानी पार उघडी पडली होती आणि माझी एक तुकडी नदीकाठी रिकामी उभी होती. ते शहर मिळालं असतं तर डाव माझाच होता, आणि एवढ्या अवघड पातळीवर मी कधीच जिंकलो नव्हतो. तह मोडायचा आहे, खात्री आहे का, असं खेळानं विचारलंसुद्धा. मी हो दाबलं.

शहर पडायला वेळ लागला नाही. पिवळा झेंडा उतरला, माझा निळा चढला.

"आं? तिचा झेंडा कुटं गेला?"

मी काही बोलायच्या आत राणी पडद्यावर आली. माझी माणसं तुझ्यासाठी मरताहेत आणि तू माझ्याच घरात शिरलास, असं ती म्हणत होती. यापुढं तुझ्या शब्दावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

"काय म्हणतीय ती?"

"निरोप घेतीय. तिचं राज्य आता आपल्यात आलं, अव्वा."

तिच्यामागून दक्षिणेचे राजे आले. दोघांनी व्यापार तोडला.

"आणि ह्ये?"

"अभिनंदन करताहेत."

अव्वानं चष्मा नीट बसवला आणि पडद्याकडं निरखून पाहिलं.

"मग तोंडं अशी का केलीत त्यांनी?"

माझे कान तापले. मी म्हणालो, "अव्वा, खेळ आहे गं नुसता."

"खेळ हाय ते कळतंय मला," ती म्हणाली. "ती काय म्हणाली तेवढं विचारलं होतं. ते सांगायला काय झालं होतं तुला?"

शेंगांचं ताट उचलता येईना म्हणून ते तिथंच ठेवून, वॉकर धरून ती स्वयंपाकघरात जाऊन बसली. तिथं भट्टीसारखं तापलं होतं. मी दोनदा बोलवायला गेलो. "हितं बरं हाय," एवढंच म्हणाली. राणीची फौज लाल राजाला मिळाली आणि दुसऱ्या दिवशी मी डाव हरलो. ते बायकोलाही सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात तिला गुडघा दाखवायला नेलं. डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले. सूज आहे, जिना चढायला अजून अवकाश आहे, दिवाळीपर्यंत एकटीनं राहू देऊ नका. मी शब्दन् शब्द तिला सांगितला. अव्वानं ऐकून घेतलं आणि पट्टी सोडणाऱ्या नर्सचा हात धरला.

"खरे हेळव्वा," ती म्हणाली. खरं सांग बाई. "डॉक्टर काय म्हणाले?"

नर्स हसली आणि तेच सगळं तिनं कन्नडमध्ये सांगितलं. अव्वानं मान डोलवली. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. आईला फसवणारा मुलगा त्यांनी काही पहिल्यांदा पाहिला नसेल. मी खरंच सांगितलं होतं, पण ते म्हणायची सोय नव्हती. भिंतीवरच्या एक्स-रेमधलं मला काही कळत नाही, तरी मी त्याच्याकडंच बघत राहिलो.

दिवाळीनंतर ती अक्कलकोटला परत गेली. चांगली हिंडते-फिरते. माझ्यावर रागावलेली नाही; मी गेलो की माझ्या आवडीचं करून घालते. फोनवर मी औषधाचं किंवा बँकेचं काही सांगितलं की शांतपणे ऐकून घेते. मग म्हणते, "बरं. जरा तिच्याकडं दे फोन."

मी बायकोकडं फोन देतो आणि गॅलरीत जाऊन उभा राहतो.