गुरुवारचे पाहुणे

आमचा लातूर जिल्हा झाला त्या सुमारास माझ्या घरातून तीन गोष्टी निघून गेल्या : पाणी, बायको आणि रेडिओचे सेल. सेल बाजारात मिळाले. उरलेल्या दोघांची हकीकत सांगतो.

जिल्हा नवा होता. कचेऱ्यांना नवा रंग, साहेबांना नव्या खुर्च्या, रस्त्यांना नव्या पाट्या. पाऊस तेवढा कुणी नवा मागवला नव्हता आणि जुना आधीच संपला होता. टँकर आला की घराला तीन घागरी मिळायच्या. त्यात प्यायचं, शिजवायचं, धुवायचं आणि वर चारचौघांत इज्जतीनं उभं राहायचं.

मी गावाबाहेरच्या रेल्वे फाटकावर गेटमन होतो. तेव्हा छोटी गाडी, म्हणजे अरुंद रुळांवरची, होती. ती इतकी सावकाश यायची की इंजिनवाला खाली उतरून माझ्याकडून तंबाखूला चुना घ्यायचा आणि चार पावलं चालून पुन्हा इंजिनात चढायचा. (खोटं वाटत असेल तर चुन्याची डबी अजून आहे.) अशी गाडी जाईपर्यंत फाटक बंद. बैलगाड्या, सायकली, नव्या जिल्ह्याच्या नव्या जीपा, सगळे माझ्यापुढं अडकलेले. पळता येत नाही असे श्रोते आणि थकत नाही असं तोंड! दुसरा कुणी असता तर एवढ्या भांडवलावर पुढारी झाला असता. मी नुसत्या थापा मारल्या.

घरी मात्र श्रोता मी. रोज संध्याकाळी सात वाजता रेडिओवर ‘दिवेलागण’ लागायचा, गप्पांचा कार्यक्रम. रविवारी त्यात आठवड्याचे पाहुणे आणि त्यांचे विषय सांगायचे. महानंदा, म्हणजे आमची मंडळी, सुपात डाळ घेऊन निवडत बसायची आणि पाहुणा येण्याआधीच त्याचं भाषण करून टाकायची.

“सोमवारी अर्धापूरचे बागायतदार, विषय केळीवरील रोग,” असं रेडिओ म्हणाला की ही म्हणायची, “हे म्हणणार, पाणी पायजे.”

“मंगळवारी शिक्षणाधिकारी, विषय मुलींची शाळा.”

“हे म्हणणार, प्रश्न गंभीर हाय.”

आणि सोमवारी, मंगळवारी तस्संच व्हायचं! एकदा मी विचारलं, मला बोलावलं तर? ती सुपातला खडा उचलत म्हणाली, “तुमच्या पुढचे पाहुणे म्हातारे होतील की हो, बसून बसून.” आमची सुमन तेव्हा पाच वर्षांची. तीसुद्धा हसली. तेवढ्या चेष्टेवरच थांबायला पाहिजे होतं मी.

पण मी कार्यक्रमाला पत्र लिहिलं.

त्याचं असं झालं. आमचं घर तीन घागरींत चालायचं ते महानंदाच्या अकलेवर. घागरींच्या गळ्यात तिनं दोरे बांधले होते. पांढरा दोरा पिण्याच्या पाण्याचा, हिरवा स्वयंपाकाचा, काळा बाकी सगळ्याचा. तांदळाचं धुवण वरणात जायचं. आंघोळ परातीत बसून, तांब्याभर पाण्यात. परातीतलं पाणी कपड्याला, कपड्याचं फरशीला आणि फरशीचं दारातल्या कडुलिंबाला. साऱ्या लातुरात तेवढं एक झाड हिरवं होतं. ही सगळी विद्या मी पत्रात उतरवली. फक्त कर्ता बदलला. ‘मी असे करतो, मी तसे करतो’ असं लिहिलं आणि खाली सही ठोकली : मन्मथअप्पा, गेटमन, लातूर.

एका संध्याकाळी निवेदकांनी ते पत्र अख्खं वाचून दाखवलं. वर म्हणाले, अशा अभ्यासू गृहस्थांना आपण लवकरच पाहुणे म्हणून बोलावू. मी छाती काढून इकडं-तिकडं पाहिलं. महानंदाच्या हातातलं सूप थांबलं होतं.

“हिरवा दोरा कशाचा हो?” तिनं विचारलं.

मी म्हणालो, “पिण्याचा.”

ती उठली. डाळ डब्यात भरली, सूप खुंटीला लावलं. सकाळी सुमनचा हात धरून देगलूरच्या एसटीत बसताना एवढंच म्हणाली, “तीन घागरीचं घर तुमचं हाय ना? चालवा. काय बोलता ते मी माहेरी रेडिओवर ऐकते.”

पहिल्या दिवशी मी पांढऱ्या दोऱ्यानं आंघोळ केली आणि काळ्या दोऱ्यात वरण शिजवलं. वरणाला साबणाचा फेस आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तिन्ही घागरी पालथ्या. तिसऱ्या दिवसापासून फाटकाशेजारचे सायकलवाले लतीफभाई मला तांब्या भरून द्यायला लागले. देताना दरवेळी अदबीनं विचारायचे, “अभ्यासू गृहस्थ, अजून पायजे का?”

दिवस फाटकावर निघायचा. संध्याकाळ निघत नव्हती. सात वाजता रेडिओ लावायचा आणि तो पाहुण्यांची नावं घ्यायला लागला की माझी मान आपोआप सुपाकडं वळायची. सूप खुंटीवर. “बुधवारी पशुवैद्य, विषय चाराटंचाई,” रेडिओ म्हणायचा. हे काय म्हणणार, ते सांगायला घरात कुणी नव्हतं. मी एकदा स्वतःच म्हणून पाहिलं, “हे म्हणणार, चारा पायजे.” गंमत नाही आली. शेवटी ऐकवेना म्हणून सेल काढून फेकले आणि दुसऱ्या दिवशी नवे आणले, कारण त्या वेळी देगलूरलाही रेडिओ लागलेला असायचा. तेवढंच आम्ही दोघं सोबत करायचो. मी देगलूरला तीन पत्रं घातली. उत्तर आलं नाही. दारातल्या लिंबाची पानं गळायला लागली.

आणि एका रविवारी रेडिओ म्हणाला, “गुरुवारी लातूरचे जलव्यवस्थापनाचे अभ्यासक श्री. मन्मथअप्पा, विषय : तीन घागरींचे घर. थेट प्रक्षेपण.”

साऱ्या फाटकानं मला डोक्यावर घेतलं. मला घाम फुटला. (दुष्काळात तोही वाया.) लतीफभाईंनी मला दुकानात बसवलं आणि म्हणाले, “आता खरं बोलून टाक. सारी अक्कल भाभीची, मी चोर. भाभी ऐकणार हाय. असा मोका पुन्हा न्हाई.”

मला पटलं. आम्ही तालीम सुरू केली. माझ्या वाट्याला सात मिनिटं होती. घड्याळ लतीफभाईंच्या हातात, श्रोते बंद फाटकामागच्या बैलगाड्या. अडचण एवढीच, की खरं बोलण्याआधी मी जरा प्रस्तावना करायचो. प्रस्तावनेत माझं बालपण, मी विहिरीत मारलेल्या उड्या, त्या उड्यांनी वर आलेलं पाणी... चाळीस मिनिटं झाली तरी महानंदाचं नाव येईना. एक बैल तर खाली बसला.

“पैले भाभीचं नाव,” लतीफभाई कपाळाला हात लावून म्हणाले, “बाकी समदं बाद में.”

रेडिओचं केंद्र आमच्या जिल्ह्यात नव्हतं. (जिल्ह्याला अजून स्वतःचं पाणी नव्हतं, रेडिओ कुठला?) बदली माणूस फाटकावर बसवून मी एसटीनं गेलो. तिथली खोली अशी बंद की आपला श्वास आपल्याला ऐकू यावा. टेबलावर काचेचा जग होता, गळ्यापर्यंत भरलेला. त्याच्याकडं कुणी बघतसुद्धा नव्हतं! माझी नजर त्याच्यावरच. निवेदक भला माणूस. चष्मा पुसत म्हणाले, “घाबरू नका. फक्त त्या दिव्याकडं लक्ष ठेवा.”

मी म्हणालो, “साहेब, वीस वर्षं तेच करून राहिलोय.”

सात वाजले. दिवा लागला. लाल.

मी तोंड मिटलं.

आता मला सांगा, दुसरं काय करणार? लाल दिवा असला की सगळं थांबलं पाहिजे. कुणी हातवारे करो, शिव्या देवो, प्रत्यक्ष कलेक्टर जीपमधून खाली उतरो. लाल असेपर्यंत गेटमन हलत नाही. वीस वर्षांत माझ्या फाटकावर कोंबडीसुद्धा मेली नव्हती, ती या नियमामुळं.

निवेदकांनी माझी ओळख करून दिली आणि पहिला प्रश्न विचारला. मी दिव्याकडं बोट दाखवलं. त्यांनी दिव्याकडं पाहिलं, मान डोलावली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी हाताचा पंजा पुढं केला, बैलगाडीवाल्याला करतो तसा : थांबा. “पाहुणे... विचारात पडले आहेत,” ते म्हणाले. काचेपलीकडचा माणूस दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड उघडून दाखवायला लागला. मला वाटलं, याची दाढ दुखतेय. निवेदकांनी चिठ्ठी सरकवली : ‘बोला’. मी ती नीट घडी करून खिशात ठेवली. दिवा विझल्यावर बोलणारच होतो. मग त्या बिचाऱ्यानं माझंच पत्र काढून वाचलं, स्वतःच प्रश्न केले, स्वतःच उत्तरं दिली आणि कशीबशी सात मिनिटं भरून आभार मानले.

दिवा विझला. रस्ता मोकळा!

“नमस्कार,” मी सुरू झालो. “ही सारी अक्कल माझ्या बायकोची. तिचं नाव महानंदा. मी तिची विद्या चोरली. कोणता दोरा कशाचा, हे मला आजसुद्धा धड सांगता येत न्हाई. ती गेली तेव्हापासून घरात पाणी टिकत न्हाई आणि संध्याकाळ संपत न्हाई. महानंदा, ऐकत असशील तर ये.”

प्रस्तावना नाही, विहीर नाही, उडी नाही. आयुष्यातलं माझं सगळ्यात आखूड भाषण. निवेदक चष्मा हातात घेऊन माझ्याकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “अप्पा, दिवा विझल्यावर ऐकायला कुणी नसतं हो.”

परतीच्या एसटीत मी तिकिटाशिवाय दुसरा शब्द बोललो नाही. लतीफभाईंना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, यावरून मामला किती वाईट होता ते कळावं. नुसता तांब्या भरून दिला.

शनिवारी संध्याकाळी मी फाटक उघडत होतो. पलीकडं बैलगाड्यांच्या गर्दीत सुमन दिसली, आणि तिच्या मागं डोक्यावर पिशवी घेतलेली महानंदा. मी फाटक अर्धंच उघडून उभा राहिलो. बैलगाडीवाले माझ्या सात पिढ्यांची चौकशी करत होते, ते मला नंतर कळलं.

लतीफभाईंनी महानंदाला विचारलंच, रेडिओ ऐकला का म्हणून. ती म्हणाली, “भावानं सारी गल्ली गोळा केली होती. सारे म्हणाले, ह्यांचा आवाज येईना, रेडिओ बिघडला.” (देगलूरला ही बातमी मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तीन भाषांत पसरली होती म्हणे.) “मी म्हणलं, रेडिओ न्हाई बिघडला. माणूस सुधारला. दुसऱ्याचं ते आपलं म्हणून सांगायला ह्यांचं तोंड उघडलं न्हाई.”

लतीफभाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी लतीफभाईंकडं पाहिलं. खरं सांगायची हीच वेळ होती. मी फाटक बंद केलं. गाडी यायला अजून दीड तास होता.

घरी गेल्यावर तिनं सूप खुंटीवरून काढलं, घागरींचे दोरे पुन्हा बांधले. रेडिओ लागला. मान वर न करता ती म्हणाली, “सात मिनिटं कान लावून बसले होते. तुमचा श्वास तेवढा येत होता. लई दिसांनी ऐकला.”

मी रेडिओचा आवाज बारीक केला.

इथंच थांबलो असतो तर मी आज सज्जन म्हणून ओळखला गेलो असतो. पण पंधरा दिवसांनी रेडिओचा लिफाफा आला आणि मी तो न फोडताच फाटकावर फडकवला. म्हणालो, बघा, माझ्या मौनाचा एवढा परिणाम झाला की पुन्हा बोलावलंय! वीस-पंचवीस माणसं, दोन जीपा आणि एक उसाचा ट्रक यांच्या साक्षीनं लतीफभाईंनी लिफाफा फोडला आणि वाचला : सौ. महानंदा, विषय : तीन घागरींचे घर, गुरुवारी, थेट प्रक्षेपण.

दिवा विझल्यावरही एक माणूस ऐकत होता तर!

रविवारी पाहुण्यांच्या यादीत तिचं नाव आलं तेव्हा मी सूप हातात घेतलं आणि म्हणालो, “ह्या म्हणणार, पाणी जपून वापरा.” ती लाजली. गुरुवारी ती एसटीनं गेली. सात वाजता मी फाटक बंद केलं आणि लतीफभाईंचा रेडिओ स्टुलावर ठेवून अडकलेल्या सगळ्यांना ऐकवला. ती पांढरा दोरा बोलली, हिरवा बोलली, काळा बोलली. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. बैलसुद्धा उभे राहून ऐकत होते. माझं नाव काही आलं नाही. मला वाटलं, सुटलो.

शेवटी निवेदकांनी विचारलं, “घरच्यांचं सहकार्य कसं आहे?”

“लई हाय,” महानंदा म्हणाली. “आमचे मालक लाल दिवा लागला की गप बसतात. मला आत्ताच तुमच्याकडून कळलं.”

बंद फाटकाच्या दोन्ही बाजूंना जो हशा झाला, तसा माझ्या वीस वर्षांच्या थापांना कधी झाला नव्हता.

ती परत आली. दिवा विझल्यावर मी काय बोललो होतो, तेही तिला तिथं कळलं होतं.  दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझा फाटकावर दाखवायचा जुना लाल कंदील मागून घेतला आणि स्वयंपाकघराच्या दारावर टांगला. आता छोटी गाडी गेली, फाटक गेलं, ‘दिवेलागण’ही बंद पडला. कंदील तिथंच आहे; तिनं तो पेटवला की मी गप्प. या महिन्यात ती सुमनकडं गेली आहे, म्हणून तर एवढं सगळं बोलता आलं. पण खरं सांगू का? रोज संध्याकाळी सात वाजता मीच उठून तो पेटवतो, आणि घरात कुणी नसताना गप्प बसून राहतो.