फटींची आग

ब्रनो शहराबाहेर, आग विझवायची नळकांडी तपासण्याच्या आमच्या आवारात वेंदेलीन हुर्नीक बावीस वर्षं सुतार होते. पाइनच्या रिपा कापायच्या, एक थर आडवा, एक उभा अशी छातीएवढी चळत रचायची आणि नळकांडी आजमावायला जाळायला द्यायची. हातचं एक स्टूलसुद्धा शिल्लक राहिलं नाही, म्हणून त्यांची बायको चिडवायची.

मी घड्याळ लावून नोंदी करायचे. एका मार्चमध्ये झ्दिस्लावा ही नवी व्यवस्थापक आली. आधी ती रंगाच्या कारखान्यात होती. पहिल्याच दिवशी चळतीत डोकावून म्हणाली, "काका, एवढ्या फटी कशाला? चिकटवून रचा, आग दणक्यात लागेल!"

"मग रच तू," काका हसले. "रिपा मात्र माझ्याएवढ्याच घ्यायच्या."

बाईने बाह्या सरसावल्या! तासाभरात शेजारी शेजारी दोन चळती उभ्या राहिल्या. सगळं आवार गोळा झालं. दोन्हींखाली पेट्रोलचे ट्रे सरकवून एकदमच पेटवले.

तिच्या चळतीला आग बाहेरून चाटत राहिली. आत जायला वाटच नव्हती. ट्रे संपला तसा नुसता धूर उरला. काकांच्या चळतीत मात्र आग फटींतून आत घुसली. पहिला थर, दुसरा, तिसरा! खालून वारा खेचला जाऊ लागला, घूं घूं आवाज सुरू झाला, पाचव्या मिनिटाला ज्वाळा माझ्या डोक्याच्याही वर गेल्या.

"हवा! आत हवा जायला हवी!" झ्दिस्लावा ओरडली. "थांबा, मी आणखी एक रचते!"

या वेळी तिने वीतभर फटी ठेवल्या. रिपा सुट्या सुट्या पेटल्या आणि एकेक करून विझल्या.

"आता फार लांब बसवल्यास गं पोरी," काका म्हणाले. "एकीची धग दुसरीला पोचायला नको?"

ती हात कमरेवर ठेवून चळतीकडे बघत राहिली. मग काजळीभरल्या तोंडाने खो खो हसली आणि म्हणाली, "उद्या सातला येते. शिकवाल?"

तिसऱ्या आठवड्यात तिच्या चळतीतून आग सरळ माथ्यावर गेली तेव्हा काका, एरवी मान वर न करणारा माणूस, टोपी हवेत उडवून ओरडले, "गेली! लुडमिला, वेळ लिही, वेळ!"

मी आकडा दोनदा चुकवला.